युनिट सेलला 'घर' म्हणावं का? अणुरचनेच्या चित्रांतले काही शब्द

निळा खडा :
आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांसाठी एक मराठी टिपण लिहितेय: व्हेस्टा हे सॉफ्टवेअर वापरून पेपरसाठी अणुरचनेची चित्रं कशी काढायची. पेपर इंग्रजीतच जातो, तेव्हा चित्राखालच्या ओळींचा प्रश्न नाही. पण शिकवताना सगळे मराठीतच बोलतो. 'ती सीआयएफ (अणूंच्या जागा लिहिलेली फाइल) व्हेस्टात टाक', 'मधल्या काड्या घालव', 'अजून एक सेल वाढव'. बोलताना काही अडत नाही. लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत 'युनिट सेल'ने, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याने, अडवलं. 'एकक कोष्ठिका' लिहून पाहिलं, तर एका मुलाने प्रामाणिकपणे विचारलं, "ताई, हे बायोचं आहे का?"

तुम्ही काय लिहाल? आणि बाँड, पॉलिहेड्रा (अणूचे शेजारी जोडून होणाऱ्या बहुपृष्ठ आकृत्या), फ्री सॉफ्टवेअर यांचंही सांगा.

निवृत्त मास्तर :
त्या मुलाचं काही चुकलं नाही. इंग्रजीतल्या एका 'सेल'ला मराठीने जागोजागी वेगळं नाव दिलंय. जीवशास्त्रात पेशी, विजेचा घट, तुरुंगातली कोठडी. 'कोशिका' म्हणजे हिंदीतली पेशी आणि 'कोष्ठिका' तिची सख्खी बहीण वाटते, म्हणून पोराचा गोंधळ उडाला.

आता आपण आपल्या तोंडात काय आहे ते बघू. बुद्धिबळाच्या पटावर घरं असतात, पोळ्यात घरं असतात, बटणाला काजाचं घर असतं, वहीच्या चौकटीतही घरं आखतो. एकासारखी एक, शेजारी शेजारी, रांगेने मांडलेली जागा म्हणजे मराठीत घर. स्फटिकातलं घर याहून काय वेगळं आहे? मी वर्गात 'एकक घर' म्हणायचो, आणि पहिल्या तासानंतर 'एकक'ही गळून पडायचं. सुपरसेललाही, म्हणजे अशी अनेक घरं जोडून होणाऱ्या मोठ्या ठोकळ्यालाही, वेगळा शब्द लागत नाही. 'दोन बाय दोन बाय दोन घरं काढ' म्हटलं की काम झालं.

काडेपेटी :
मास्तर, घराला भिंती असतात. युनिट सेलच्या रेषा नुसत्या मनाने आखलेल्या. आरंभबिंदू जरा सरकवला की सगळी 'घरं' सरकतात आणि पदार्थाला त्याचा पत्ताही लागत नाही. 'घर' वाचून पोरांना वाटेल की अणू आत कोंडलेत. मला 'एकक कोष' बरा वाटतो. निदान परिभाषा आहे हे तरी कळतं.

निवृत्त मास्तर :
भिंतींचा मुद्दा मान्य. पण घर म्हटलं की बंगलाच का डोळ्यांपुढे आणता? चाळ आणा. एक भिंत दोन बिऱ्हाडांत सामाईक असते, ती कुणाची एकट्याची नसते. मिठाचं उदाहरण यासाठीच मी पहिल्या तासाला घ्यायचो. मिठाची सीआयएफ उघडली की पडद्यावर २७ गोळे दिसतात, आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की एका घरात ८ अणू. दरवर्षी कुणीतरी हात वर करतंच: सॉफ्टवेअर चुकतंय.

सॉफ्टवेअर चुकत नाही. शून्य ते एक या हद्दीत जे जे बसतं ते सगळं ते काढतं, सामाईक भिंतींवरचेसुद्धा. क्लोरीनचे १४ गोळे: ८ कोपऱ्यांवर, ६ पृष्ठांच्या मध्यावर. कोपऱ्यावरचा ८ घरांत वाटून घ्यायचा, पृष्ठावरचा दोघांत. ८ चे अष्टमांश म्हणजे १, ६ चे अर्धे म्हणजे ३, एकूण ४. सोडियमचे १३: १२ कडांवर आणि १ अगदी मध्यभागी. कडेवरचा चार घरांचा, म्हणून ३, आणि मधला पूर्ण आपला. झाले ४. पोरांना हे 'कोषा'त समजत नाही, चाळीत लगेच समजतं.

काडेपेटी :
चाळीपुढे हात टेकले. पण 'पृष्ठ' आणि 'कड' शाळेतलेच वापरलेत, ते छान. पाचवी-सहावीत घनाची पृष्ठं, कडा, शिरोबिंदू मोजून आलेल्या मुलांना विद्यापीठात एकदम 'फलक' दाखवायचे, हे मला कधी कळलेलं नाही.

निळा खडा :
त्यावर येतेच. आधी बाँड, कारण तिथे मी स्वतः पोळलेय.

माझ्या एका पेपरच्या चित्रात दोन क्लोरीनच्या मध्ये काड्या आल्या होत्या. व्हेस्टात बाँड्सच्या खिडकीत कुठल्या दोन मूलद्रव्यांमध्ये, किती अंतरापर्यंत काडी काढायची ते आपण सांगतो. मिठात सोडियम ते क्लोरीन २.८२ आंगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक), आणि क्लोरीन ते क्लोरीन साधारण ३.९९. मी घाईत क्लोरीनच्या जोडीला कमाल अंतर ४ दिलं होतं. चित्र भरगच्च, देखणं झालं. गाइडना आवडलं, मलाही आवडलं. परीक्षकाने एकच ओळ लिहिली: या दोन ऋण आयनांमधला हा बंध कोणत्या प्रकारचा आहे, ते लेखकांनी कृपया स्पष्ट करावं.

बंध नव्हताच. मी सांगितलं म्हणून सॉफ्टवेअरने दोन गोळ्यांच्या मध्ये काडी घातली होती. खरं म्हणजे सोडियम-क्लोरीनमधली काडीसुद्धा 'बंध' नव्हे. आयनी पदार्थात ओढ सगळीकडून असते, कुणा एका दिशेने काडी नसते.

तेव्हापासून टिपणात दोन शब्द वेगळे ठेवलेत. पदार्थात आहे तो बंध. चित्रात आहे ती काडी. तसंच पदार्थातला अणू, चित्रातला गोळा. गोळा मुद्दाम लहान काढलेला असतो, नाहीतर आतलं काहीच दिसणार नाही. त्याच्या आकारावरून अणूचा आकार मोजू नये. मग वाक्यं अशी होतात: 'काडीचं कमाल अंतर ३ कर', 'काड्या काढून टाकल्या तरी बंध जात नाहीत'. लॅबमध्ये आम्ही हेच बोलत होतो, लिहिताना उगाच बिचकले होते.

इंदूरचा :
ही जोडी मस्त आहे. एक धोक्याची सूचना माझ्याकडून. मी इंदूरचा, घरात मराठी पण शाळा हिंदीतली. हिंदीत अ‍ॅटम म्हणजे परमाणु, आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत अ‍ॅटम अणू आणि मॉलिक्यूल रेणू. म्हणूनच तुमच्याकडे अणुऊर्जा आणि आमच्याकडे परमाणु ऊर्जा. पुण्यात एमएस्सीला आलो तेव्हा पहिला महिनाभर 'पाण्याचा रेणू' ऐकून मला परागकण आठवायचे. तुमच्या लॅबमध्ये हिंदीतून शिकलेली मुलं असतील तर टिपणाच्या सुरुवातीलाच एक ओळ घाला.

निळा खडा :
घालतेच. आमच्याकडे दोघं आहेत, आणि एकाने खरोखरच 'दोन अणू' वाचून दोन रेणूंचं चित्र काढून आणलं होतं.

आता पॉलिहेड्रा. माझं नाव ज्यावरून, तो निळा खडा म्हणजे कॅव्हन्साइट हे खनिज. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळतो, पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या फुलांसारखा बसलेला. जगभरच्या संग्राहकांना वाघोलीचं नाव यामुळे माहीत आहे. त्याचं नावही शब्दप्रेमींना आवडेल असं: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची पहिली अक्षरं जोडून केलेलं. त्याची रचना नुसत्या गोळ्या-काड्यांत काढली की गुंतलेल्या लोकरीसारखी दिसते. पॉलिहेड्रा चालू केले की एकदम उलगडते: सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजनांचे चतुष्फलक एकमेकांना कोपऱ्यांत जोडून थर झालेले, आणि थरांना जोडणारे व्हॅनेडियमचे चौरस तळाचे पिरॅमिड. त्या पिरॅमिडच्या टोकाचा ऑक्सिजन व्हॅनेडियमला अगदी चिकटून, तळाचे चार लांब. काड्या सगळ्या सारख्याच जाडीच्या दिसतात, त्यामुळे हा फरक नुसत्या चित्रावरून चटकन लक्षात येत नाही. अंतरं मोजूनच पाहावी लागतात.

चतुष्फलक ठेवू की 'चार पृष्ठांची घनाकृती'?

निवृत्त मास्तर :
चतुष्फलक, अष्टफलक हे रुळलेले आहेत, ठेवा. पण समजावताना पृष्ठच म्हणा: 'अष्टफलकाला ८ पृष्ठं, ६ शिरोबिंदू'. नावात फलक आणि मोजताना पृष्ठ, एवढी विसंगती मराठी सहज पचवते. आणि मुलांना एक बजावा: अष्टफलकातला 'आठ' पृष्ठांचा, शेजारी मात्र ६. मिठातल्या सोडियमला ६ शेजारी. परीक्षेत हा घोळ हमखास.

काडेपेटी :
'फ्री'चं राहिलं. इथे मला फार राग आहे, म्हणून थोडं लांबतं.

फुकट, मोफत, विनामूल्य, मुक्त, खुलं. पाचही शब्द लोक एकाच अर्थाने फेकतात. 'फुकट' तर लिहूच नका, 'मेहनत फुकट गेली'मधली वाया जाण्याची छटा त्याला चिकटलीय. व्हेस्टा हे विनामूल्य आहे: शिक्षण-संशोधनासाठी पैसे पडत नाहीत, पण त्याचा कोड आपल्या हाती नाही. जेमॉल, अ‍ॅव्होगाड्रो, एक्सक्रिसडेन ही मुक्त आहेत: कोड उघडा, बदला, पुढे द्या. हा फरक उद्या एखादी सोय नको तशी चालली, की कळतो. मुक्त असेल तर कुणीतरी दुरुस्त करू शकतं, विनामूल्य असेल तर वाट पाहायची. आणि 'मुक्त' म्हणजे पैसे नाहीत असंही नव्हे. मुक्त विद्यापीठात फी भरावी लागतेच की!

विनामूल्य असलं तरी व्हेस्टाचं देणं फेडावं लागतं, ते टिपणात ठळक लिहा: चित्र वापरलं तर कोइची मोम्मा आणि फुजिओ इझुमी यांच्या २०११च्या निबंधाचा उल्लेख करायचा. निम्मी मुलं हे विसरतात.

इंदूरचा :
अवांतर: पर्स्पेक्टिव्हला काय म्हणता? ते चालू असलं की मागची घरं लहान दिसतात आणि समांतर कडा तिरक्या होतात.

निवृत्त मास्तर :
चित्रकलेच्या पुस्तकांत 'यथादर्शन' आहे. शब्द गोड आहे, पण अर्थाने इथे उलटा पडतो: पेपरात 'यथा' हवं असेल तर ते बंदच ठेवावं लागतं!

निळा खडा :
मग टिपणातला पहिला परिच्छेद असा झालाय, ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडा:

'सीआयएफ उघडा. एक घर दिसेल, हद्दीवरच्या सामाईक गोळ्यांसह. यथादर्शन बंद करा. नको त्या काड्या घालवा. ज्या ठेवल्या त्यांचं कमाल अंतर वहीत लिहून ठेवा, परीक्षक विचारेल.'

काडेपेटी :
'परीक्षक विचारेल' हे अधोरेखित करा.