रंगाच्या दुकानाला ज्वालाग्राही द्रवांच्या साठ्याची नोटीस – मदत हवी आहे (तातडीचं)

रंगदुकान
दुकानाला अग्निशमन विभागाची नोटीस आली आहे. ‘ज्वालाग्राही द्रवांचा विनापरवाना साठा’ असं लिहिलंय. उत्तराची मुदत संपत आली. कायद्याने किती लिटर ठेवता येतं, एवढा एकच आकडा हवा आहे. कोणी ३० सांगतं, कोणी ३००, कोणी २५००. नेमका कुठला? ‘वकील गाठा’ असं कृपया सांगू नका.

पाचवा_मजला
आकडा सांगता येईल, पण कशाचा? द्रव कोणता, किती लिटर, डबे की ड्रम, विकायला की वापरायला, दुकान कुठल्या मजल्यावर, वर कोण राहतं, गाव कुठलं? नोटिशीत कुठला कायदा आणि कुठलं कलम आहे तेही लिहा.

रंगदुकान
रंगाचं दुकान आहे, म्हणजे थिनर आणि टर्पेंटाइन. तळमजला. वर चार मजले फ्लॅट आहेत. पुण्याच्या बाजूला, महापालिका हद्द. कलम नंतर बघून सांगतो, आकडा सांगा.

भट्टीकाम
३० लिटर. पेट्रोलियम कायदा १९३४, कलम ८. ‘अ’ वर्गाचं पेट्रोलियम ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. काचेची बाटली १ लिटरपेक्षा मोठी नको, धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको, बूच घट्ट. असं लिहून द्या, विषय संपला.

फ्लॅशपॉइंट
संपत नाही. ते कलम पुन्हा वाचा. ३० लिटरची सवलत विक्रीसाठी नसलेल्या साठ्यालाच आहे. हे दुकान आहे, माल विकायलाच ठेवलाय. ‘अ’ वर्गाचा एक लिटर जरी विकायला ठेवला तरी ही सवलत लागू होत नाही. नोटिशीला ‘माझ्याकडे ३० लिटरच आहे’ असं उत्तर दिलं, तर विनापरवाना साठा स्वतःच्या सहीने कबूल केल्यासारखं होईल.

रंगदुकान, तुम्ही ऐकलेले तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वर्ग ठरतो फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेईल इतकी सुटायला लागते त्या तापमानावरून. २३ अंशांच्या खाली ‘अ’, २३ ते ६५ ‘ब’, ६५ ते ९३ ‘क’. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरमध्ये टोल्यूइन असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश, म्हणून तो सरळ ‘अ’. मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ, साधारण ३८ ते ४० अंशांवर, म्हणून ‘ब’.

आता आकडे. ३० लिटर: ‘अ’ वर्ग, स्वतःच्या वापरासाठी, विनापरवाना. २५०० लिटर: ‘ब’ वर्ग, विनापरवाना, पण कुठलंही एक पात्र १००० लिटरपेक्षा मोठं नको, इथे विक्रीची अट नाही. ३०० लिटर: ‘अ’ वर्गाचा परवाना जिल्हा प्राधिकाऱ्याकडून मिळतो ती मर्यादा. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त किंवा उपायुक्त, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. त्याच्या वर गेलात की पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, मुख्यालय नागपूर.

आणि हे सगळं झालं केंद्राच्या कायद्याचं. महापालिकेचा परवाना वेगळा लागतो.

भट्टीकाम
पेट्रोलियम म्हणजे पेट्रोल, डिझेल, रॉकेल. थिनर हे केमिकल आहे. तुम्ही उगाच घाबरवताय त्यांना.

फ्लॅशपॉइंट
कायद्याच्या व्याख्येत द्रव हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचा बनलेला द्रव, येतो, आणि द्रव हायड्रोकार्बन असलेलं कुठलंही ज्वलनशील मिश्रणही येतं. टोल्यूइन हायड्रोकार्बन आहे, थिनर हे त्याचं मिश्रण आहे. नुसत्या ॲसिटोनबद्दल तुम्ही वाद घातला असता तर त्यात अर्थ होता, कारण त्यात ऑक्सिजन आहे. डब्यावर ‘थिनर’ एवढंच छापलेलं असतं, म्हणून कंपनीकडून सुरक्षा माहिती पत्रक मागवा. त्याच्या ९ व्या भागात फ्लॅश पॉइंट असतो. प्रत्येक मालाचं पत्रक फाइलला लावा, तपासणीला तेच पहिलं मागतात. ऑइल पेंटचंही मागवा, त्यातही एमटीओ असतं.

लॅबवाला
आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सॅनिटायझर ठेवणाऱ्यांनीही हे वाचावं. ७० टक्के अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट २३ च्या खालीच येतो. हायड्रोकार्बन नसल्याने पेट्रोलियम कायदा लागत नसला तरी आग तशीच लागते. शिवाय अल्कोहोल आणि ॲसिटोनवर आग विझवायचा साधा फोम टिकत नाही, त्यातलं पाणी द्रवात उतरतं आणि फोमचा थर फाटतो. अल्कोहोलरोधक फोमच हवा.

सोसायटी_सचिव
धागा चांगला चाललाय म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीत जनरेटरसाठी डिझेल ठेवतो. परवाना लागतो का?

ड्रमपंप
@सोसायटी_सचिव, डिझेल ‘ब’ वर्गात. एका जागी २५०० लिटरच्या आत आणि एक टाकी १००० च्या आत असेल तर पेट्रोलियम परवाना नाही. सगळीकडे जनरेटरजवळ ९९० लिटरची डे टँक (रोजच्या वापराची टाकी) दिसते ती याचसाठी. टाकीभोवती बंधारा करा, त्यात टाकीच्या ११० टक्के मावलं पाहिजे. आणि डिझेल असलेल्या खोलीत वॉचमनची शेगडी नको.

रंगदुकान
माझा प्रश्न बाजूला राहिला. महापालिकेचा परवाना म्हणजे शॉप ॲक्टचाच ना? तो आहे. आणि दुकानात साठा नाहीच, दुकानात फक्त डबे आहेत. साठा खाली आहे.

पाचवा_मजला
खाली म्हणजे कुठे?

रंगदुकान
तळघरात. २०० लिटरचे चार ड्रम. दोन थिनर, दोन टर्पेंटाइन. गिऱ्हाईक सुटं मागतं, त्यामुळे ड्रम लागतोच. नोटिशीत ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, कलम ६’ असं आहे.

फ्लॅशपॉइंट
हे पहिल्या ओळीत हवं होतं. आता लिटरचा प्रश्नच उरला नाही. ४०० लिटर थिनर हे ३०० च्या वर आहे हा एक भाग. दुसरा भाग त्याहून मोठा: तळघरात याला परवानगी मिळणारच नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तळघरात साधारणपणे न जळणारं सामानच ठेवायला मुभा आहे.

कारण असं. टोल्यूइनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड. ती वर जात नाही, फरशीवरून वाहत जाऊन सगळ्यांत खालच्या जागी साचते, आणि इमारतीत सगळ्यांत खाली तळघरच असतं. एक लिटर टोल्यूइन पूर्ण उडालं की सुमारे २३० लिटर वाफ होते. हवेत १.२ टक्के वाफ पेटायला पुरते, म्हणजे एका लिटरमधून जवळजवळ १९ घनमीटर स्फोटक हवा तयार होऊ शकते. १० बाय ८ फुटांची, ९ फूट उंचीची खोली साधारण तेवढीच भरते. तुमच्याकडे ४०० लिटर आहे आणि वर चार मजले माणसं झोपतात. जिना तळघरापर्यंत उतरत असेल तर धूर त्याच जिन्याने वर जाईल, आणि लोकांना उतरायचा रस्ताही तोच असेल.

शॉप ॲक्ट म्हणजे दुकानाची नोंदणी, साठ्याशी त्याचा संबंध नाही. मुंबईबाहेर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली अशा वस्तू ठेवायला वेगळा परवाना लागतो, मुंबईत कलम ३९४. महापालिकेच्या परवाना विभागात चौकशी करा, अग्निशमनचं ना-हरकत तिथेच मागतील.

छत्री
एवढं करायची गरज नाही. तळघराच्या छताला मॉड्युलर डीसीपी सिलिंडर लावा, म्हणजे आग विझवणाऱ्या कोरड्या रासायनिक पावडरचे, छताला टांगायचे. ६८ अंशांना काचेचा बल्ब फुटतो आणि पावडर आपोआप पडते. वीज नको, माणूस नको. चार लावले की काम झालं.

ड्रमपंप
बल्ब फुटायला छताजवळची हवा ६८ अंशांपर्यंत तापावी लागते. साचलेली वाफ ठिणगीने पेटली तर सगळं एका क्षणात होतं, बल्ब तापेपर्यंत दार उडालेलं असतं. शिवाय पावडरने ज्वाळा विझते, पण द्रव गार होत नाही; जवळ तापलेला पत्रा असेल तर पुन्हा पेट घेतो. मॉड्युलर हा जोड आहे, बेकायदा साठ्यावरचा उपाय नाही.

छत्री
काहीच नसण्यापेक्षा बरं ना?

ड्रमपंप
ते लावल्यामुळे ड्रम तिथेच राहणार असतील तर बरं नाही. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडरही तळघरात मारायला उतरू नका, बंद जागेत तो माणसालाच गुदमरवतो.

रंगदुकान
भांडू नका. ड्रम हलवायचे ठरवले तर उद्या सकाळी काय काय करू ते सांगा.

ड्रमपंप
आधी वास बघा. उग्र वास येत असेल तर तळघरातलं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, दोन्ही वेळा ठिणगी पडते. वीज बाहेरच्या मेन स्विचवरून तोडा. दारं उघडी ठेवून हवा खेळू द्या. घरगुती एक्झॉस्ट पंखा लावू नका, त्याची मोटर वाफेच्या वाटेतच येते.

ड्रमची दोन्ही बुचं घट्ट आहेत का, वायसर फाटलेत का ते पाहा. गळता ड्रम असेल तर आधी त्याच्याखाली पत्र्याचा ट्रे. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकू नका. बऱ्याच दुकानांत भुशाची पोती त्यासाठीच ठेवलेली असतात, पण थिनर प्यायलेला भुसा म्हणजे पसरट वातच. कोरडी वाळू टाका, प्लास्टिकच्या फावड्याने उचला, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि बाहेर न्या.

ड्रम उभाच, ट्रॉलीवर बांधून न्यायचा. जिन्यावरून घरंगळवायचा नाही. ओतून हलका करायचा मोह होईल, तो टाळा. तळघरात ओतणं सगळ्यांत धोक्याचं आहे.

माल न्यायचा कुठे, तर परवाना असलेल्या गोदामात, किंवा पुरवठादाराला परत. दुसऱ्या कुणाच्या गाळ्यात ठेवलात तर नोटीस फक्त पत्ता बदलून येईल.

पाचवा_मजला
सुट्या विक्रीबद्दल बोला कोणीतरी. ड्रममधून पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत थिनर भरून देतात, त्यावर ना नाव ना इशारा. घरात तीच बाटली पाण्याच्या बाटल्यांशेजारी जाऊन बसते.

फ्लॅशपॉइंट
बरोबर. आणि तांत्रिक कारणही आहे. द्रव वाहताना स्थिर वीज तयार होते. धातूचा ड्रम अर्थिंग केलेला (तारेने जमिनीशी जोडलेला), धातूचा डबा, आणि दोघांना जोडणारी तार, क्लिप रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लावलेली, असं असेल तरच ती वीज निघून जाते. प्लास्टिकच्या बाटलीला तार लावून उपयोग नाही. नायलॉनचा शर्ट घातलेला पोऱ्या, प्लास्टिकचं नरसाळं आणि उंचावरून सोडलेली धार, एवढं आग लागायला पुरतं. सुटी विक्री बंदच करा. कंपनीचे सीलबंद १ लिटर आणि ५ लिटरचे डबे ठेवा. ड्रम गेला की ओतणं गेलं.

रंगदुकान
सीलबंद डबे ठेवले की परवाना नको ना?

फ्लॅशपॉइंट
थिनरला हवाच, विक्री आहे म्हणून. डबा सीलबंद असल्याने वर्ग बदलत नाही. टर्पेंटाइनचे डबे २५०० लिटरच्या आत असतील तर पेट्रोलियम परवाना नको, महापालिकेचा हवा. परवाना हातात येईपर्यंत थिनर विक्रीतून काढा.

उत्तरात असं लिहा: तळघरातला साठा अमुक तारखेला हलवला, गोदामाची किंवा परतीची पावती जोडली आहे, सुटी विक्री बंद केली, थिनरची विक्री परवाना मिळेपर्यंत थांबवली, अर्जाची पोच जोडली आहे, अग्निशमन साधनांचं काम परवानाधारक संस्थेला दिलं आहे. रिकाम्या तळघराचे तारखेसह फोटो लावा. मुदत कमी पडत असेल तर ती संपायच्या आधी लेखी मागा. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे वाक्य लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही.

साधनं बसवल्यावर ती संस्था फॉर्म ए, म्हणजे ती नियमाप्रमाणे बसवल्याचं प्रमाणपत्र, देईल. पुढे दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे साधनं चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. संस्था राज्याच्या अग्निशमन संचालनालयाच्या यादीतलीच हवी, सिलिंडर भरून देणाऱ्या कुणाचंही पत्र चालत नाही.

भट्टीकाम
विक्रीच्या अटीबद्दल फ्लॅशपॉइंट यांचं बरोबर आहे, कलम पुन्हा वाचलं. दुकानातल्या वस्तूंचंही बघा: टिंटिंग मशीन (रंगाची छटा बनवणारं) आणि गायरो मिक्सर (डबा घुसळणारं) डब्यांच्या रॅकपासून लांब, इन्व्हर्टरची बॅटरी काउंटरखालून बाहेर. देवाचा दिवा आणि उदबत्ती वरच्या फळीवर असली तरी दुकान वाढवताना विझवूनच जायचं.

कारखानदार_काकू
पॉलिशवाल्यांच्या चिंध्याही धरा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या की आपोआप तापतात आणि पेटतात, काडी लागत नाही. पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. आणि रंगदुकान, विम्याच्या कागदावर ‘हार्डवेअर’ लिहिलंय की ‘रंग व थिनर’, ते आजच बघा. मालाचं वर्णन चुकीचं असेल तर दावा अडतो.

रंगदुकान
‘हार्डवेअर’ लिहिलंय. बदलून घेतो. पुरवठादार भरलेले तीन ड्रम परत घ्यायला तयार आहे. चौथा जवळजवळ रिकामा आहे, तो भंगारवाल्याला देतो.

ड्रमपंप
भंगारवाल्याला नको. भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा नसते. रिकाम्यात पूर्ण जागा वाफेचीच असते. भंगारवाला त्याला गॅस कटर लावतो आणि ड्रमचं झाकण उडतं. पाण्याने विसळूनही वाफ जात नाही, आणि ते पाणी गटारात सोडता येत नाही. बूच घट्ट लावून चौथाही पुरवठादारालाच द्या. तो घेत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या ड्रम पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवा, २०१६ च्या घातक कचरा नियमांत असे ड्रम ३३.१ क्रमांकाखाली येतात. त्याची पावतीही उत्तराला जोडा. उरलेलं थिनर किती आहे त्यात?