'अफोर्डेबल केअर ॲक्ट' मराठीत कसं लिहाल?

मुक्ता_दादर: अमेरिकेतल्या आरोग्यविम्याच्या राजकारणावरचा लेख मराठीत आणतेय. २०१० च्या कायद्याचं पूर्ण नाव 'पेशंट प्रोटेक्शन अँड अफोर्डेबल केअर ॲक्ट'. मी 'रुग्णसंरक्षण व परवडणारी आरोग्यसेवा कायदा' केलं. संपादक म्हणतात, सरळ 'ओबामाकेअर' लिहा. पण तो विरोधकांचा टोमणा ना?

चाळकरी: टोमणाच. पुढे ओबामांनी स्वतःच तो मिरवला. बिनधास्त लिहा.

मुक्ता_दादर: खरी पंचाईत पुढे आहे. २०११ मध्ये रिपब्लिकनांनी तो रद्द करायला विधेयक आणलं, त्याचं नावच 'रिपीलिंग द जॉब-किलिंग हेल्थ केअर लॉ ॲक्ट'. प्रतिनिधिगृहात २४५ विरुद्ध १८९ नं मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं. म्हणजे विरोधात बोलणाऱ्यालाही विधेयकाचं नाव घेताना 'जॉब-किलिंग' म्हणावंच लागणार! 'रोजगारमारक' चालेल?

शुद्धमती: कीटकनाशकाचा डबा वाटतो. मराठीत नोकरी जाते, नाहीतर कुणीतरी खातं. 'नोकऱ्या खाणारा कायदा' करा.

चाळकरी: आपल्याकडे नावं ठेवणारे जास्त हुशार. 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' होती, २०१७ मध्ये 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' झाली. आता टीका करायची तर आधी महात्म्याला नमस्कार करा.

परळची_सिस्टर: वॉर्डात अजून सगळे 'जीवनदायी'च म्हणतात. 'जीवनदायीत बसतंय का बघा ना, सिस्टर.' सरकारनं कितीही पाट्या बदलू देत.

शुद्धमती: आणि कृपया लेखात 'बिल' नको, 'विधेयक'च हवं.

परळची_सिस्टर: ते बरंय. आमच्याकडे 'बिल पास झालं' म्हणजे कॅशलेस मंजूर, पेशंट घरी निघाला.

चाळकरी: नावावरून आठवलं, मुंबईत 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' आहे. लोक 'आपला दवाखाना' एवढंच म्हणतात. लांब नाव पाटीवरच राहतं.

शुद्धमती: 'दवाखाना' तरी कुठे मराठी? दवा अरबी, खाना फारसी. 'चिकित्सालय' म्हणायला काय हरकत होती?

परळची_सिस्टर: ताई, चिकित्सालयात ताप दाखवायला कोण येईल?

गिरगावकर: आमचे आजोबा 'इस्पितळ' म्हणायचे. तेही पोर्तुगीज.

शुद्धमती: इस्पितळ रुळलेलं आहे, ते वेगळं.

गिरगावकर: आणि दवाखाना काय काल आला?