मोऱ्यांचा की मोरेंचा?

दादरच्या स्टँड-अपच्या पोस्टरवरचं 'मोरेंचा धिंगाणा' चूक, 'मोऱ्यांचा' हवं, असं एकाने म्हटलंय. व्याकरणाने ते बरोबर आहे. एकारान्त आडनाव आपण आदरार्थी बहुवचनात चालवतो: घोडे–घोड्यांचा, तसंच फडके–फडक्यांचा, रानडे–रानड्यांचा. पण इथे एक खरी अडचण आहे. न्हाणीघरातल्या मोरीचं अनेकवचनही मोऱ्याच, त्यामुळे 'मोऱ्यांचा' हे रूप दोन्हींचं. काळे, गोरे यांचंही तेच, तिथे विशेषणाशी गल्लत होते. म्हणून पोस्टरवर 'मोरे यांचा' सर्वांत चांगलं. 'यांचा' सुटं लिहायचं. 'मोरेंचा' बोलण्यात पुरतं रुळलंय, त्याला हाकलू नये.

'मोऱ्यांचा' लिहायचंच तर आडवा अर्धा र हवा, डोक्यावर रफार नको. आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना, आचार्यांना म्हणजे गुरूंना, इतका फरक पडतो. आणि अनुस्वार द्यायचा राहून गेला की 'पाटलांचा'चं 'पाटलाचा' होतं, आदर गेलाच. ('पाटीलांचा' मात्र नको, सामान्यरूपात त्यातली ई जाते.)

मंचावर प्रश्न वेगळा. उड्या मारत, धावत बोलणाऱ्या कलाकाराचा माइक तोंडापासून सरकतो आणि शब्दांची शेवटची अक्षरं पडतात. 'मोरेंचा'तला अनुस्वार मागच्या रांगेत पोचत नाही, 'मोरेचा' ऐकू येतं. तेव्हा 'मोरे' म्हणून किंचित थांबा, मग 'यांचा'. माइक हनुवटीला टेकवून धरला की डोकं हललं तरी अंतर बदलत नाही.