१/८ बग्गी: टायर रिमवरून सुटतात, गोंद कोणता घ्यावा?

खडीवाट:
रिमोटवर चालणारी (आरसी) १/८ मापाची ब्रशलेस मोटरची बग्गी, ४एस (चार सेलची) बॅटरी, १७ मिमी हेक्सच्या (षटकोनी बसणीच्या) पांढऱ्या नायलॉन रिम, आत फोम इन्सर्ट. टायर किराणा दुकानात मिळणाऱ्या अर्ध्या ग्रॅमच्या इन्स्टंट ट्यूबने चिकटवले होते. दुसऱ्या बॅटरीत मागच्या उजव्या टायरची कड ७-८ सेंटिमीटर उघडली. आत पाहिलं तर रिमची खाच स्वच्छ कोरडी आणि टायरच्या कडेवर गोंदाचा कडक, चकचकीत पापुद्रा.

विचारायचं असं: सीए (सायनोॲक्रिलेट, म्हणजे इन्स्टंट गोंद) पातळ घ्यावा, मध्यम की जाड? चपला-बूट चिकटवायचा पिवळा रबरी गोंद किंवा दोन ट्यूबांचा इपॉक्सी चालेल का? आणि हाच टायर, हीच रिम परत वापरता येईल का?

मापात_थेंब:
पापुद्रा कुठे राहिला हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण निदान तिथेच होतं. गोंद टायरला धरून राहिला आणि रिमवरून सुटला, म्हणजे रिम नीट तयार केलेली नव्हती. उलट असतं, पापुद्रा रिमवर आणि रबर कोरं, तर टायरवर साच्याचं तेल राहिलंय असं समजायचं. आणि पापुद्रा मधोमध चिरून दोन्हीकडे थोडा थोडा राहिला असेल तर गोंदाचा थर फार जाड झाला, सुकायच्या आत टायर हलला किंवा बाटली जुनी होती.

नायलॉन मुळात तुळतुळीत, त्यावर साच्यातून आलेला ओशटपणा. त्यामुळे बाटली बदलण्याआधी हे करा:

रिम भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, वाळवा. ज्या खाचेत टायरची कड बसते ती २४० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. खाचेच्या तळाशीही पेपर पोचला पाहिजे. दुमडून नखाने दाबत फिरवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टायरची कडही आतून-बाहेरून अल्कोहोलने पुसायची. फडक्यावर आधी काळं आणि थोडं चिकट येतं. नवा भाग घेऊन पुसत राहा, चिकटपणा थांबला की पुरे. १० मिनिटं वाळू द्या आणि त्यानंतर कडेला बोट लावू नका. टायर चकचकीत करायचा सिलिकॉन स्प्रे कधी मारला असेल तर दोनदा पुसा, त्यावर कुठलाच सीए धरत नाही.

आता गोंद. सीए सर्वांत मजबूत धरतो तो ०.०५ ते ०.१ मिमीच्या फटीत. टायरची कड खाचेत घट्ट बसत असेल तर पातळ सीएच घ्यावा. तो फटीत आपोआप ओढला जातो आणि थेंबाच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर सरकतो. कड सैल असेल, बोटाने हलवल्यावर फट दिसत असेल, तर मध्यम. जाड सीए मॉन्स्टर ट्रकच्या रुंद, ओबडधोबड खाचांसाठी ठीक. बग्गीला तो नको, खाचेत उतरायच्या आधीच वर साय धरतो.

अर्धा ग्रॅम तर पुरणारच नव्हता. १/८ बग्गीची रिम साधारण ८३ मिमी व्यासाची, म्हणजे एक कड २६ सेंटिमीटर. चार चाकांच्या आठ कडा मिळून दोन मीटरच्या वर सांधा होतो. लांब बारीक नळीची २० ग्रॅमची बाटली घ्या, थेंबावर ताबा राहतो.

सतरा_हेक्स:
वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. पर्यायांबद्दल लिहितो.

पिवळा रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावून, सुकवून मग दाबायचा असतो. इथे टायर आधी खाचेत बसवावा लागतो, तेव्हा ती पद्धतच जमत नाही. शिवाय तो कायम थोडा मऊ राहतो, गरम झाला की सरकतो. इपॉक्सी कडक होतो, रबर वाकतं. सांध्याच्या काठावर तो रबरापासून सोलून निघतो. दोन्ही नकोत.

साधा इथाइल सीए मात्र कडक आणि ठिसूळ, हेही खरं. बग्गी उडीवरून आपटते तेव्हा कडेला सोलणारा ताण येतो, आणि नेमका तोच ताण सीएला सोसत नाही. म्हणून रबर मिसळलेला सीए मिळाला तर घ्या. आरसी टायरचा म्हणून विकतात त्यांतले काही असे असतात. औद्योगिक मालात लोकटाइट ४८० हा काळा, रबरयुक्त. मध्यम जातीचा आहे, सावकाश धरतो, म्हणून हाताने दाबून ठेवावं लागतं. पातळच हवा असेल तर ४०६ बघा, रबर आणि प्लास्टिकसाठीच आहे, सुमारे २० सेंटिपॉइज (दाटपणाचं माप, आकडा कमी तितका गोंद पातळ). ४०१ सुमारे १०० सेंटिपॉइज. बाटलीवर 'थिन' किंवा 'मीडियम' एवढंच लिहिलं असेल तर त्या कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधा, नुसत्या शब्दावर जाऊ नका.

खडीवाट:
रिम घासायचीच राहिली होती. लावायचा क्रम सांगाल का? आणि गोंद झटकन धरवणारा ॲक्टिव्हेटर स्प्रे मारावा का?

मापात_थेंब:
ॲक्टिव्हेटर या कामाला नकोच. वरचा थर क्षणात धरतो, आतला गोंद ओला राहतो, आणि धरलेला भागही जास्त ठिसूळ होतो.

क्रम असा. इन्सर्ट टायरमध्ये घालून पीळ पडला नाही ना ते बोटाने चाचपा. टायरच्या बाजूवर फिरायच्या दिशेचा बाण असतो. डावं-उजवं आधीच ठरवा, चिकटल्यावर इलाज नाही. दोन्ही कडा खाचेत बसवा आणि चाक हातात फिरवत बघा की फोमचा कोपरा कडेखाली अडकलेला नाही. हे फार वेळा होतं. तिथे गोंद फोममध्ये शोषला जातो आणि बरोबर तिथूनच टायर उघडतो. रिमवरची हवेची भोकंही मोकळी हवीत, नाहीतर टायर दाबला की हवा कडेतून बाहेर पडते आणि ओला सांधा उचलला जातो.

मग टायरभोवती, नक्षीवर, रबरी पट्टा चढवा म्हणजे कडा खाचेत दाबून राहतात. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचे २ सेंटिमीटर रुंदीचे गोल काप त्याला उत्तम. चाक आडवं ठेवा. अंगठ्याने कड किंचित मागे ओढा, नळीचं टोक फटीत, एक थेंब, कड सोडा, १५ सेकंद दाबा. घड्याळाच्या १२, ६, ३, ९ अशा चार जागा आधी. त्यानंतर मधल्या जागा भरा, एका कडेला एकूण ८-१० थेंब. गोंद टायरच्या बाजूवर ओघळला तर पुसत बसू नका, पुसल्याने तो पसरतो.

चारही चाकांची एक बाजू उरकली की १५ मिनिटांनी उलटवा. पट्टे रात्रभर राहू द्या, गाडी २४ तासांनीच. चालवण्याआधी टायरची बाजू अंगठ्याने गोल दाबत जा. जिथे बारीक रेघ उघडेल तिथे अजून एक थेंब.

कातळसडा:
पावसाळ्यासाठी एक भर. सीए हवेतल्या ओलाव्याने धरतो, ४० ते ६० टक्के आर्द्रता त्याला मानवते. जुलैत कोकणात ८०-९० टक्के असते, तेव्हा पातळ सीए फटीत पुरता उतरायच्या आधीच धरतो आणि कडेभोवती पांढरी भुकटी उमटते. एसी असलेल्या खोलीत काम करा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, तासभर तरी, झाकण उघडू नका. थंड बाटलीत दव धरतं आणि गोंद आतून घट्ट होऊ लागतो. उघडलेली बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

सुती हातमोजे घालू नका. पातळ सीए सुतावर सांडला की इतका तापतो की कातडी भाजते. नायट्राइलचे घाला, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कड मागे ओढताना थेंब उडतो.

सतरा_हेक्स:
तुमचा तिसरा प्रश्न राहिला. रिम नायलॉनची असेल तर टायर, रिम दोन्ही वाचतात. सीए पाण्यात आणि उष्णतेत कमजोर होतो. स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात चाक २०-३० मिनिटं उकळा, बाहेर काढून गरम असतानाच बोथट स्क्रूड्रायव्हरने कड उचलत जा. दोन-तीनदा उकळावं लागेल. नाही निघालं तर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ॲसिटोनमध्ये दिवसभर बुडवा. हे गॅलरीत करा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. क्रोम केलेल्या रिम बहुधा एबीएस प्लास्टिकच्या असतात, त्या ॲसिटोनमध्ये विरघळतात. शंका असेल तर आतल्या बाजूला ॲसिटोनचा बोळा दाबून बघा. जागा चिकट झाली तर फक्त उकळा.

टायरच्या कडेवरचा जुना पापुद्रा कड पिळली की तडकून निघतो, उरलेला पॉलिशपेपरने काढा. इन्सर्ट पिळून दोन दिवस वाळवा. ओला फोम आत गेला तर चाकाचा तोल बिघडतो.