बोलोन्या, नोव्हेंबरचा पाऊस आणि मैत्रिणीचा गुडघा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या मध्याला मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण इटलीत बोलोन्याला जातोय. मी म्युनिकला असते, तिथून थेट रेल्वे आहे. ती सांगलीहून माझ्याकडे येतेय. ऐन पावसाचे दिवस आहेत हे माहीत असूनच हे शहर निवडलं, कारण तिथे घराबाहेर पडलं तरी डोक्यावर छप्पर असतं. घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, खाली खांब आणि कमानी, आणि त्यांच्यामधून चालायची वाट. याला तिथे पोर्तिको म्हणतात. नुसत्या जुन्या शहरातच ते जवळपास 38 किलोमीटर भरतात. 1088पासूनच्या विद्यापीठामुळे गावात माणसं वाढली, जागा पुरेना, म्हणून लोकांनी मजले पुढे काढले. 1288 साली तर नगराने पोर्तिको बांधणं सक्तीचंच केलं. जागा घरमालकाची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. मला ही गोष्ट फार आवडते.

आता अडचण सांगते. मैत्रिणीला सान लूकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत पायीच जायचंय. पोर्ता सारागोत्सा या जुन्या वेशीपासून वरपर्यंत सलग पोर्तिको आहे, साधारण 3.8 किलोमीटर, 666 कमानी. 1433 साली पाऊस थांबेना, पिकं कुजायची वेळ आली, तेव्हा लोकांनी वरच्या मेरीमातेची तसबीर मिरवत गावात आणली आणि पाऊस थांबला, अशी तिथली श्रद्धा आहे. आजही ती तसबीर दरवर्षी खाली गावात आणतात. आपल्याकडे पाऊस पडावा म्हणून धोंडी काढतात, तिथे थांबावा म्हणून मिरवणूक! हे वाचल्यापासून मैत्रीण हट्टालाच पेटली आहे. पण तिचा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर तास-दोन तास आरामात चालते, जिना उतरताना मात्र कठड्याला घट्ट धरते. शेवटच्या टप्प्यात चढ किती आहे? पायऱ्या सलग आहेत की मध्ये टेकायला जागा मिळते? फरशी ओली झाल्यावर घसरते का?

दुसरं म्हणजे, ती भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका. सान पेत्रोनिओ चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने 1655 साली जमिनीवर आखलेली 67 मीटरची मध्यान्हरेषा तिला बघायची आहेच. छतातल्या भोकातून सूर्याचा ठिपका दुपारी त्या रेषेवर येतो. ढगाळ दिवशी तिथे बघण्यासारखं काय उरतं?

जाणकारांनी कृपया सांगावं. ती एवढ्या लांबून येतेय, तिचं बघणं मनासारखं व्हावं एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद

ताई, बिनधास्त जा, फक्त उतरताना चालू नका. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त जाचतो. पोर्ता सारागोत्सा ते टेकडीच्या पायथ्याची मेलोन्चेल्लोची कमान हा भाग जवळजवळ सपाट आहे, तो आधी चाला. खरा चढ मेलोन्चेल्लोनंतर लागतो, तिथे पायऱ्या आणि चढती फरशी आलटून पालटून येतात. दर थोड्या अंतराने थांबत वर जा आणि उतरताना पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकात जाणारी पर्यटकांची छोटी गाडी पकडा. मेलोन्चेल्लोलाच पाय बोलायला लागले तर तिथून 20 नंबरच्या बसने परत फिरता येतं.

फरशीचं विचारलंत ते बरं केलंत. बऱ्याच ठिकाणी ती गुळगुळीत घोटलेली असते. कमानीच्या कडेने पाऊस आत येतो, शिवाय लोकांच्या बुटांबरोबर पाणी येतं, तिथे पाय सटकतो. भिंतीच्या बाजूने चाला, रबरी तळव्याचे बूट घाला. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, गर्दीत छत्र्या एकमेकींत अडकतात.

प्रतिसाद

मध्यान्हरेषा ढगाळ दिवशीही बघावीच. ठिपका नसला तरी रेषेच्या बाजूने कोरलेली राशींची चिन्हं निवांत वाचता येतात. जोडीला शेजारच्या आर्किजिनासिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं शवविच्छेदनाचं लाकडी सभागृह बघा. 1944च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळलं होतं, ढिगाऱ्यातून लाकडी पुतळे वेचून पुन्हा उभं केलंय. मधोमध संगमरवरी टेबल, भोवती चढत्या बाकांच्या रांगा. शिक्षिकेला तिथून हलवणं अवघड जाईल. पाऊस फारच वाढला तर समोरच्या चौकात साला बोर्सा वाचनालय आहे, काचेच्या फरशीखाली रोमन काळातले अवशेष दिसतात. असिनेल्ली मनोऱ्याचा बेत मात्र नको, शेजारचा कललेला गारिसेंदा मनोरा धोक्यात असल्यामुळे 2023पासून तो परिसर बंद केलाय.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. चढत जायचं आणि गाडीने उतरायचं, हे मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तिला पटलं. आता एकच शंका राहिली. ती पूर्ण शाकाहारी आहे. तिथल्या तोर्तेल्लिनीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात, डुकराचं मांस असतं हे कळलं. रिकोटा चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी सारणात परमेसान चीज नसेल तर चालतील, पण वरूनही जे परमेसान किसतात त्यात वासराच्या जठरातलं विरजण असतं. ते न घालता द्या, हे इटालियनमध्ये नेमकं कसं सांगायचं?