तोंडाने ४० मिग्रॅ आणि शिरेतून १ मिग्रॅ, एकाच औषधाचा डोस इतका वेगळा कसा काय?

सेकंड_इयर_नर्सिंग:
फर्स्ट पास मेटाबॉलिझमची व्याख्या पाठ आहे पण डोक्यात शिरत नाहीये. प्रोप्रॅनोलॉल (हृदयाची गती आणि बीपी कमी करणारं औषध) तोंडाने ४० मिग्रॅ देतात आणि शिरेतून १ मिग्रॅ, तेही हळूहळू. मॉर्फिनचं ३० आणि १०. पण पॅरासिटॅमॉल मात्र गोळी १ ग्रॅम, आयव्ही (शिरेतून) पण १ ग्रॅमच! मग नियम काय समजायचा? व्हायवाचं सोडा, उद्या पेशंटच्या शिरेत औषध देताना हे कळलेलं असायला हवं असं वाटतं. प्लीज कोणीतरी नीट समजवा.

आयसीयू_स्टाफ:
व्याख्या बाजूला ठेव आणि गोळीचा रस्ता बघ. गोळी पोटात विरघळली, आतड्यातून शोषली गेली, की ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून लिव्हरकडे जाणारी शीर) लिव्हरमध्ये जातं. लिव्हर तिथेच काही औषध मोडून टाकतं, उरेल ते शरीरभर जातं, हाच तुझा फर्स्ट पास. शिरेतून दिलं की हा टोलनाकाच लागत नाही. प्रोप्रॅनोलॉल लिव्हर खूप मोडतं म्हणून एवढा फरक, मॉर्फिनचं त्यापेक्षा कमी, आणि पॅरासिटॅमॉल बहुतेक सगळं सुटून पुढे जातं म्हणून डोस सारखाच. म्हणजे सगळ्यांना एकच नियम नाही, प्रत्येक औषधाची बायोअव्हेलेबिलिटी, म्हणजे दिलेल्यापैकी किती औषध रक्तात पोचतं, ते बघायचं.

अजून एक, प्रोप्रॅनोलॉलचं ४० ला १ हे गणित नियम म्हणून पाठ करू नकोस. आयव्ही इमर्जन्सीमध्ये देतात, मॉनिटर लावून, मिनिटाला १ मिग्रॅपेक्षा वेगाने नाही, म्हणून तो आकडा मुद्दामच छोटा ठेवलेला असतो.

नायट्रोग्लिसरीन (हृदयामुळे छातीत दुखतं तेव्हाची गोळी) जिभेखाली का ठेवतात तेही यातूनच कळेल. जिभेखालच्या शिरा लिव्हरला वळसा घालून जातात. पेशंटने ती गिळली तर बरीचशी लिव्हरमध्येच संपते, म्हणून पेशंटला बसवून, बीपी बघून, "गिळू नका, चावू नका" हे सांगायचंच.

फार्मा_शिकवते:
वरचं बरोबर आहे, फक्त सगळं लिव्हरवर ढकलू नका. फ्युरोसेमाइडचं (लघवी वाढवणारं औषध) तोंडाने ४० म्हणजे शिरेतून साधारण २० धरतात, पण तिथे कारण लिव्हर नाही, आतड्यातलं शोषणच अर्धवट आणि बेभरवशाचं असतं. इन्सुलिन तोंडाने का नाही? ते प्रोटीन आहे, पचूनच जातं. आणि व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक तर मस्त उदाहरण, तोंडाने दिलं तर जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणूनच क्लॉस्ट्रिडिऑइड्स (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिल या जंतूच्या जुलाबात ते तोंडाने देतात, कारण औषध आतड्यातच हवंय. तिथे आयव्ही दिलं तर उपयोग नाही. उलट रक्तातल्या इन्फेक्शनला आयव्हीच लागतं, आणि तेही मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा वेगाने नाही, म्हणजे १ ग्रॅमला साधारण १०० मिनिटं लावून, घाईत सोडलं तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, बीपी पडू शकतं.

रात्रपाळी:
थिअरी वर आलीच आहे, मी वॉर्डातलं सांगते. ऑर्डरमध्ये रूट (औषध तोंडाने की शिरेतून) हा डोसइतकाच महत्त्वाचा असतो. पेशंट उलट्या करतोय म्हणून गोळीचा डोस आपल्या मनाने आयव्ही द्यायचा नाही, डॉक्टरला फोन करून नवीन ऑर्डर लिहून घ्यायची. मॉर्फिनचे तोंडाचे ३० मिग्रॅ कोणी तसेच शिरेत दिले तर श्वास बंद पडू शकतो, इतकं ते गंभीर आहे. तोंडाने द्यायचं लिक्विड ओरल सिरिंजमध्येच भरायचं, म्हणजे ती आयव्ही लाइनला बसतच नाही. आणि एसआर, ईआर (हळूहळू औषध सोडणाऱ्या) लिहिलेल्या गोळ्या राइल्स ट्यूबसाठी (नाकातून पोटात जाणारी नळी) कुटायच्या नाहीत, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. आधी फार्मासिस्टला विचार, लिक्विड मिळतं का बघ.

सेकंड_इयर_नर्सिंग:
बापरे, आता कळलं! मग सिरॉसिसच्या (लिव्हर खराब झालेल्या) पेशंटला लिव्हर औषध कमी मोडतं, तर त्याच गोळीचा परिणाम जास्त होणार का?

आयसीयू_स्टाफ:
अगदी बरोबर. अशा पेशंटला प्रोप्रॅनोलॉल कमी डोसने सुरू करतात, मॉर्फिनलाही तेच. आपण गोळी द्यायच्या आधी पल्स, बीपी बघायचं, मॉर्फिन असेल तर श्वास मोजायचा आणि पेशंट किती गुंगीत आहे ते बघायचं. पल्स, बीपी किंवा श्वास कमी वाटला, किंवा गुंगी जास्त वाटली, तर डोस थांबवून लगेच कळवायचं.