८५ टक्के चित्र-इशारा वर्षभर का अडला?

प्रश्न: तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणाऱ्या इशाऱ्याची अधिसूचना ऑक्टोबर २०१४ची, अंमल १ एप्रिल २०१६पासून. मध्ये घोडं कुठे अडलं?

उत्तर १: मूळ तारीख १ एप्रिल २०१५. लोकसभेच्या समितीने थांबायला सांगितलं. अध्यक्ष अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. त्यांचं म्हणणं, तंबाखूचा कर्करोगाशी संबंध दाखवणारं भारतीय संशोधन नाही. सदस्यांत विडी उद्योजक श्यामाचरण गुप्ता! हितसंबंध आणखी कशाला म्हणतात? अखेर समितीने ५० टक्के सुचवले, सरकारने ८५च ठेवले.

उत्तर २: या ८५ टक्क्यांत ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर, तेही दोन्ही बाजूंना. आधी एकाच बाजूला ४० होतं. डिसेंबर २०१७मध्ये कर्नाटक हायकोर्टाने नियम रद्द केला, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. पण टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही.